डकोटा १/७२ : स्ट्रेचर बसले, लाल क्रॉस लागणार नाही

डकोटा या लष्करी वाहतूक विमानाचं १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) मॉडेल करतोय; पंखांचं घासकाम बाजूला ठेवून सध्या त्याच्या पोटात शिरलोय. विषय: मार्च १९४४, ब्रह्मदेशातली ‘ब्रॉडवे’ धावपट्टी, चिंडिटांचे (जपान्यांच्या पिछाडीला जंगलात लढणाऱ्या ब्रिटिश फौजेचे) जखमी चढवून घेणारं डकोटा.

किटात सैनिकांची बाकं आहेत, स्ट्रेचर नाहीत. खरा अमेरिकी स्ट्रेचर ९० इंची, म्हणजे आपल्याकडे जेमतेम ३२ मिलिमीटर. दांड्यांना इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेली वाइंडिंगची तांब्याची तार, वर फेव्हिकॉलच्या पाण्यात भिजवलेला टिश्यू. ओला असतानाच मधोमध काडीने हलकेच दाबायचा, की माणूस झोपल्यासारखा झोळ येतो. ताठ कापड बघवत नाही. तीन-तीनची उतरंड, एकूण १८. चढवताना वरचा मजला आधी भरतात, म्हणून मी वर माणसं ठेवली आणि खालच्या जागा मोकळ्या सोडल्या. डावीकडचं मोठं दार उघडं असल्याने हे नीट दिसतं.

रामबागेतल्या मंडळींनी बघताक्षणी विचारलं, “अहो, लाल क्रॉस कुठंय?” तो नाहीच! १९२९च्या जिनिव्हा करारानुसार संरक्षण हवं तर विमान पांढरं रंगवायचं, चिन्ह लावायचं आणि त्यातून फक्त रुग्ण, वैद्यकीय माणसं व त्यांचंच सामान न्यायचं. ब्रॉडवेला येताना त्याच विमानातून दारूगोळा, शिधा, चक्क खेचरंसुद्धा उतरत होती. जखमी जायचे ते परतीच्या फेरीत. किटातल्या डिकल-शीटवर (चिकटवायच्या चिन्हांच्या कागदावर) क्रॉस आहे म्हणून चिकटवणाऱ्यांशी माझं पटत नाही.

ही सोय किती मोठी होती ते १९४३शी ताडून बघा. चिंडिटांच्या त्या पहिल्या मोहिमेत चालता न येणाऱ्यांना जंगलातच मागे ठेवावं लागलं होतं. एक डकोटा मोकळ्या जागेत उतरून १७ जणांना घेऊन आलं, तोच काय तो दिलासा. १९४४ला मात्र एल-५सारखी चिमुकली विमानं पुढच्या पट्ट्यांवरून जखमींना ब्रॉडवेपर्यंत आणत आणि तिथून पुढे डकोटा. शेजारी एखादं एल-५ही ठेवायचा मोह होतोय, पण शोकेसची रुंदी आणि घरातली परवानगी दोन्ही बघावं लागेल.

बाहेरचा ऑलिव्ह ड्रॅब (मळकट लष्करी हिरवा) रंग पावसाळा ओसरल्यावरच. या दमटपणात एअरब्रश काढत नाही. तोवर विमानाच्या आतली जमीन रंगवतोय. खेचरांच्या खुरांचे ओरखडे १/७२मध्ये चांदी रंगाच्या ड्रायब्रशने (जवळजवळ कोरड्या ब्रशने) पुरेसे दिसतील की सुईने कोरू? कुणी करून बघितलं असेल तर फोटो टाका.