ऑपरेशन खुब्याचं, गोंधळ डोक्यात

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "आपण कोण?" रात्री सलाईनची नळी उपसली, भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. सकाळी मात्र अगदी शहाण्यासारखे बोलले. दिवस कलला की पुन्हा तेच.

"वय झालंय, होतं असं," एवढंच ऐकायला मिळालं. झोपावं म्हणून गोळी दिली, तर गोंधळ आणखी वाढला. चौथ्या दिवशी एका वृद्धरोगतज्ज्ञ बाईंनी नीट तपासलं आणि याला डेलिरियम म्हणतात हे सांगितलं. काही झोपेच्या गोळ्यांनी तो बळावतो, म्हणून ती गोळी बंद केली. ऑपरेशनच्या जखमेमुळे दाह वाढवणारी रसायनं रक्तात सुटतात. त्यांचा परिणाम मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथल्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी खवळतात. यातलं बरंचसं प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कळलंय, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

मला एकच बोचत होतं. पूर्ण भुलीला मीच होकार दिला होता. कमरेतून भूल दिली असती तर? त्या म्हणाल्या, खुब्याच्या ऑपरेशनांवर २०२१ मध्ये दोन मोठे अभ्यास आले आणि डेलिरियमच्या बाबतीत दोन्ही भुलींत खास फरक दिसला नाही. त्या रात्री मी आठवड्यात पहिल्यांदा झोपले.

मग त्यांनी विचारलं, "चष्मा कुठंय यांचा? कानाचं मशीन?" दोन्ही ऑपरेशनच्या दिवसापासून माझ्या पिशवीत होतं! चार दिवस बाबांना धड दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. हे आठवलं की अजून घशाशी येतं. दोन्ही लावलं, खिडकीजवळचा पलंग मागून घेतला, दिवसा दोनदा धरून चालवलं, रात्री दिवे मालवून घेतले. पाचेक दिवसांत मुंग्या गेल्या.

घरी आल्यावर मात्र आयुष्यभर हिशेब केलेला माणूस साध्या बेरजेला अडायचा. १९९८ च्या एका अभ्यासात ऑपरेशन झालेल्या साठीपुढच्या १,२१८ रुग्णांपैकी सुमारे २६ टक्क्यांची बुद्धी आठवड्यानंतर मंदावलेली आढळली होती, तीन महिन्यांनी सुमारे १० टक्क्यांची. त्या दुसऱ्या आकड्यात बाबा नसावेत म्हणून मी दिवस मोजत होते. चौथ्या महिन्यात त्यांनी विजेच्या बिलातली चूक स्वतः काढली. नावं अजून विसरतात.

आता मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. फाइलच्या पहिल्याच पानावर मी लाल शाईने लिहिलंय: आधी डेलिरियम झाला होता. चष्मा आणि कानाचं मशीन जवळ ठेवावं.