सूतवाल्यांची हातगाडी आणि आमचे सर

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात कपॅसिटरचं, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या डब्यांचं, पॅनेल तपासत होतो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येईना. बाहेर येऊन उलट फोन लावला. शाळेचं नाव कानावर पडलं आणि डोळ्यांसमोर उभे राहिले ते सर. फिजिक्सचे सर. त्या काळात आपल्याकडे अकरावी-बारावी केलेल्या कुणालाही नाव सांगायची गरज नाही, आणि स्वतःचं नाव छापून आलेलं सरांना आवडत नसे, म्हणून मीही लिहीत नाही. मराठीच्या बाई, चित्रकलेचे सर, घंटा देणारे मामा, सगळ्यांचं ऋण आहे. त्यांनी मला क्षमा करावी. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती सरांची आहे.

मी पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत तेलुगू आणि कन्नड, शाळेत मराठी. वडील दुसऱ्यांच्या मागावर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. दहावीपर्यंत मराठीत शिकलो आणि अकरावीला सायन्स घेतल्यावर एकदम सगळी पुस्तकं इंग्रजी झाली. बारावीच्या त्या वर्षी, म्हणजे १९८४-८५ला, आम्ही निम्मं पुस्तक अर्थ न कळता पाठ करत होतो. ‘करंट लॅग्ज बिहाइंड व्होल्टेज बाय नाइन्टी डिग्रीज’ हे वाक्य मी घरी मोठ्यानं घोकायचो. मागे पडतो म्हणजे काय, कशामुळे, याचा पत्ता नव्हता. वीज तारेत शिरून कुठं तरी रेंगाळते आणि उशिरा पोचते, असं मला वाटायचं.

सरांनी एक दिवस मला उभं करून ते वाक्य म्हणायला लावलं. मी न अडखळता म्हटलं. “आता मराठीत सांग.” मला आलं नाही. “बरं, तेलुगूत सांग.” तेही नाही. सर रागावले नाहीत. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आम्हाला दगडी इमारतीच्या मागच्या प्रयोगशाळेत नेलं.

टेबलावर तांब्याच्या तारेची जाड कॉइल होती, तिच्याशी जोडलेला बारा व्होल्टचा दिवा होता. आधी बॅटरी जोडली. दिवा लखलखीत. मग बॅटरी काढून ट्रान्सफॉर्मरमधून बारा व्होल्टचीच एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी वीज, दिली. दिवा मंद. कॉइलच्या पोकळीत मऊ लोखंडाच्या तारांची जुडी हळूहळू सरकवली, तसतसा दिवा विझत गेला, शेवटी तारेचा लालसर ठिपका उरला. जुडी बाहेर काढली की दिवा परत वर. आम्ही चाळीस जण टेबलाभोवती दाटीवाटीनं उभे होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

सरांनी सांगितलं की तार तीच, तिचा रोधही तोच. कॉइलमधून करंट वाहिला की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. करंट स्थिर असेल तर ते क्षेत्र गुपचूप बसून राहतं, म्हणून बॅटरीवर दिव्याला काही त्रास नाही. करंट बदलायला लागला की क्षेत्रही बदलतं, आणि बदलतं क्षेत्र त्याच तारेत उलटा दाब, म्हणजे उलटं व्होल्टेज, निर्माण करतं. फॅरडेला १८३१ साली बदलत्या क्षेत्रातून वीज मिळाली. तो दाब नेहमी बदलाला विरोध करणारा असतो, हे लेंझनं १८३४ मध्ये मांडलं. स्वतःच्याच करंटला असा अडवणारा गुण ज्या हेन्रीनं अभ्यासला, त्याचं नाव त्या गुणाच्या एककाला दिलं. “कॉइलला करंटचा राग नाही,” सर म्हणाले. “तिला बदल नको असतो. करंट जितक्या वेगानं बदलायचा असेल तितका जास्त दाब लावावा लागतो. एवढं एक वाक्य धरून ठेव, बाकीचं त्यातूनच निघतं.”

मला ते निघत नव्हतं. तसं मी सांगितलं.

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेची, सुट्टी संपल्यानंतरचा तो सोमवार होता. शाळेच्या समोरच्या रस्त्यावरून सुताची हातगाडी चालली होती. सर फाटकाबाहेर गेले, गाडीवाल्या मामांशी काही बोलले, आणि चार बाचकी लादलेली ती गाडी मामांसकट मैदानात घेऊन आले. पीटीच्या खोलीतून फक्की मागवली आणि चाकाखाली पांढरी रेषा मारली.

“ढकलण्याचा जोर म्हणजे व्होल्टेज. गाडीचा वेग म्हणजे करंट. बाचक्यांचं वजन म्हणजे कॉइल.” मी गाडीमागे उभा राहिलो. सरांचा हात वर जाईल तसा जोर वाढवायचा, खाली येईल तसा कमी करायचा, कमरेखाली गेला की मागे ओढायचं. सरांनी सावकाश हात वर नेला, खाली आणला, आणखी खाली नेला, परत कमरेशी आणला. एक फेरी झाली.

मग त्यांनी सगळ्यांना विचारलं, “गाडी सर्वांत वेगात कधी होती?” सगळे म्हणाले, सर्वांत जास्त जोर होता तेव्हा. सरांनी पुन्हा करून दाखवायला लावलं, या वेळी मुलांना चाकाकडे बघायला सांगून. माझा जोर शिखरावर होता तेव्हा गाडी नुकती वेग घेत होती. जोर कमी होत होता तरी वेग वाढतच होता, कारण थोडा का होईना, मी अजून पुढेच ढकलत होतो. ज्या क्षणी माझे हात सैल पडले त्या क्षणी गाडी सर्वांत वेगात होती. जोराचं शिखर आधी, वेगाचं शिखर पाव फेरी नंतर. “हेच ते नव्वद अंश. करंट कुठं रेंगाळला नाही. ढकलायला लागल्याबरोबर गाडी हलली की नाही? पण वेग हा साठत जातो. जोर पुढच्या दिशेला आहे तोवर साठणारच.”

त्या रात्री मी हे आईला तेलुगूत सांगितलं. ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. तिनं मान वर न करता उत्तर दिलं, “बरोबरच आहे. डब्यात रोज टाकायचे पैसे कमी झाले म्हणून डब्यातले पैसे कमी होतात का? काढायला लागलं की कमी होतात.” दाब आणि करंट यांचं नातं इतक्या थोडक्यात सांगितलेलं मी पुढे पॉलिटेक्निकच्या एकाही पुस्तकात वाचलं नाही.

पण ज्यासाठी हे लिहितोय ते दुसऱ्या दिवशी घडलं. मी वहीतला आलेख आणि मैदानातली गाडी ताडून पाहिली आणि वर्गात हात वर केला. “सर, आलेखात मागे ओढायचा जोर सर्वांत जास्त असतो तेव्हा करंट शून्य आहे, आणि नंतर तो उलट्या दिशेनं वाहतो. आपली गाडी तेव्हाही पुढेच चालली होती. शेवटी थांबली, पण मागे आलीच नाही. रेषेपासून पार टाकीपर्यंत गेली.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. खडू हातात धरून बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “तुझं बरोबर आहे. ती मागे यायला हवी होती. का आली नाही, ते मला आत्ता सांगता येत नाही. मी बघतो.” शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. विणकराच्या मुलाचा प्रश्न सरांनी घरी नेला.

पुढच्या सोमवारी ते दोन आलेख-कागद घेऊन आले. व्होल्टेज लाल शाईत, करंट निळ्या शाईत. वर्गात शिरल्या शिरल्या म्हणाले, “चला मैदानात. चूक माझी होती. मी याला शून्य जोरापासून सुरू करायला लावलं.” मामा गाडी घेऊन फाटकाशी आधीच उभे होते. या वेळी सरांचा हात सुरुवातीलाच वर होता. पहिल्याच क्षणी पूर्ण जोर, मग कमी करत जायचं. गाडी वेगात गेली, मी ओढायला लागलो, ओढ सर्वांत जास्त झाली तेव्हा गाडी जागच्या जागी उभी राहिली, मग मागे फिरली, आणि मी पुन्हा पूर्ण जोरानं रेटत असताना फक्कीच्या रेषेपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी पण वाजवल्या.

कागदावर सरांनी दोन्ही प्रकार काढले होते. दाब शून्य असताना कॉइल जोडली, तर अख्खं अर्धं चक्र करंट वाढतच राहतो, नेहमीच्या शिखराच्या दुपटीपर्यंत जातो आणि शून्याखाली उतरतच नाही. दाब शिखरावर असताना जोडली, तर पहिल्या चक्रापासूनच करंट दोन्ही बाजूंना सारखा झुलतो. चाकांचं घर्षण म्हणजे तारेचा रोध. एकीकडे झुकलेला पहिला भाग तो हळूहळू खाऊन टाकतो, आणि पुस्तकातला आलेख त्यानंतरचा असतो. ते दोन्ही कागद सरांनी मला दिले. ते मी जपून ठेवले आहेत.

त्या प्रश्नावर पुढे माझं पोट चाललं. पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केला आणि विजेच्या उपकेंद्रांची चाचणी करणाऱ्या एका ठेकेदाराकडे लागलो. रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन ३१ डिसेंबर २०१३ रोजी जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेच्या लाइनींचं जाळं, बाकीच्या देशाशी एका फ्रिक्वेन्सीवर आली. आपल्या सोलापुरातून हे झालं, याचा मला आजही अभिमान वाटतो. एवढी लांब लाइन कमी भारावर असली की स्वतःच मोठ्या कपॅसिटरसारखी वागते आणि तिच्या टोकाचा दाब वाढतो. तो आवरायला लाइनला रिअॅक्टर जोडतात. रिअॅक्टर म्हणजे तेलात बुडवलेली घराएवढ्या उंचीची कॉइल. प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या कॉइलचीच थोरली बहीण.

असा रिअॅक्टर कोणत्याही क्षणी चालू केला तर सरांच्या पहिल्या कागदासारखं होतं. करंट एका बाजूला झुकतो, आणि तारेचा रोध फार कमी असल्यानं कितीतरी चक्रं झुकलेलाच राहतो. म्हणून ब्रेकरवर, म्हणजे जोडणी करणाऱ्या मोठ्या स्विचवर, असं नियंत्रण बसवतात की तिन्ही तारांपैकी प्रत्येक, म्हणजे प्रत्येक फेज, आपापल्या दाबाच्या शिखरावरच जोडला जावा. ५० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ५० चक्रं असताना, एक चक्र २० मिलिसेकंदांचं, म्हणजे शून्यापासून शिखर ५ मिलिसेकंदांवर. पहिल्यांदा तशा चाचणीची नोंद माझ्या हातात आली तेव्हा तीन रेघा शून्यापासून निघून वरखाली सारख्या झुलत होत्या. जवळच्या तरुण इंजिनिअरांनी विचारलं, काका, डोळ्यांत पाणी का? मी त्यांना हातगाडी सांगितली.

आता माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. मागांच्या मोटरी, त्यांचा मागे पडलेला करंट, त्यापायी फुगलेलं बिल, हेच माझं काम. कॉइल पाव चक्र शक्ती घेते आणि पुढच्या पाव चक्रात परत करते. तिच्यापायी फुकट येरझाऱ्या घालणारा हा करंट तारा तापवतो, म्हणून शेजारी कपॅसिटर ठेवायचा, म्हणजे देवाणघेवाण तिथल्या तिथं मिटते. जुन्या ट्यूबलाइटच्या तांब्याच्या चोकनं, म्हणजे तिच्या कॉइलनं, ४० वॅटच्या ट्यूबसाठी दुपटीहून जास्त वॅटच्या भाराइतका करंट ओढलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. विणकरांना हे मी मराठीत आणि तेलुगूत समजावतो, आणि प्रत्येक वेळी उदाहरण हातगाडीचंच देतो.

परवा, फोन आल्यावर, शाळेत जाऊन आलो. गिरण्यांचे भोंगे बंद होऊन काळ लोटला. शाळेची वेळ आम्ही त्या भोंग्यांवर ठरवायचो, आताच्या मुलांना ते सांगूनही समजणार नाही. दगडी इमारतीला रंग दिलाय. प्रयोगशाळेत मोठा पडदा बसवलाय, त्यावर लाल आणि निळी रेघ सुंदर हलते. पण कॉइल नाही. कपाटात शोधली, तारांची जुडीही नाही. भंगारात गेली असेल. मला फार वाईट वाटलं. रेघ हलताना दिसते, पण लोखंड सरकवताना हाताला जाणवणारी ती थरथर पडद्यावर नाही. सर गेल्यावर त्यांचं कपाट कुणी तरी जपायला हवं होतं. मीच यायला हवं होतं.

कॉइल मी स्वतः गुंडाळून ठेवली आहे, सरांच्या कॉइलइतकीच जाड. मऊ लोखंडी तारांची जुडी, बारा व्होल्टचा दिवा आणि ट्रान्सफॉर्मरही आहे. पुढच्या सोमवारी मुलाच्या हाती शाळेत पाठवतो. सरांचे दोन कागद काचेत बसवून सोबत देईन, ते प्रयोगशाळेत खिडकीपासून लांब लावावेत, उन्हानं शाई उडते. गाडीची सोय मी करतो, आमच्या गल्लीत अजून दोन हातगाड्या आहेत. नव्या इमारतीनं मैदानाचा निम्मा भाग घेतला असला तरी टाकीच्या बाजूला जागा पुरेशी आहे. पावलं मोजून आलो, बत्तीस भरली.