ट्विस्टरचं पुढे काय झालं?

व्याख्यान संपलं की कुणीतरी हमखास विचारतं, "पेनरोज यांच्या ट्विस्टर सिद्धांताचा आज काही उपयोग आहे का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा निवांत सांगते.

रात्री गच्चीवर उभे राहा. ताऱ्याचा एक किरण तुमच्या डोळ्यांत शिरतो. शेकडो वर्षं वाट चालून आलेला तो अख्खा किरण ट्विस्टर अवकाश नावाच्या गणिती अवकाशात निव्वळ एक बिंदू असतो. आणि तुम्ही उभे आहात ती जागा, तो क्षण? त्यातून जाणाऱ्या सगळ्या किरणांचा मिळून तिथे एक गोल होतो. डोक्यावर दिसतं ते आकाश म्हणजेच तो गोल, पायाखालचा अर्धा भाग धरून. किरण आधी, अवकाश-काळ नंतर! ब्रिटिश गणिती भौतिकशास्त्रज्ञ रॉजर पेनरोज यांना हे १९६३ च्या अखेरीस टेक्सासमध्ये गाडीतून परतताना सुचलं. शिकवताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

यातून क्वांटम गुरुत्वाचं, म्हणजे गुरुत्वाकर्षणाला सूक्ष्म कणांच्या नियमांत बसवण्याचं, कोडं सुटेल ही आशा होती. ती फळली नाही. १९७६ मध्ये एका दिशेच्या फिरकीचं गुरुत्व या भूमितीत सुरेख बसलं, पण त्याच ॲक्शनने उलटी फिरकी टाकता येईना. पेनरोज यांनी या अडचणीला क्रिकेटमधलंच नाव दिलं, गुगली. गणितज्ञांना मात्र ट्विस्टरने भरभरून दिलं.

भौतिकशास्त्रात तो परतला ग्लुऑनमुळे, म्हणजे क्वार्कांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या कणांमुळे. दोन ग्लुऑन आदळून चार बाहेर पडतात, एवढ्याशा घटनेची शक्यता काढायला २२० फाइनमन आकृत्या (कणांची टक्कर कशी घडू शकते ते दाखवणारी, गणितासाठीची चित्रं) लागतात. १९८६ मध्ये पार्क आणि टेलर या भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवलं की फिरक्यांची ठरावीक मांडणी असेल तर उत्तर एका ओळीत मावतं. का मावतं? व्ही. पी. नायर यांना १९८८ मध्येच त्याची चाहूल लागली होती. २००३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड विटन यांनी उलगडून सांगितलं की ट्विस्टर अवकाशात ते सारे ग्लुऑन एकाच रेषेवर येतात. तिथून आकडेमोडीच्या नव्या पद्धतींना जोर चढला. एलएचसी या जिनिव्हाजवळच्या महाकाय कण-त्वरकातल्या टकरींचे अंदाज बांधताना आज त्या कुळातल्या पद्धती वापरतात. म्हणून "ट्विस्टर संपला" हे मला मुळीच मान्य नाही.

विद्यार्थ्यांना मी आधी त्या २२० पैकी एक आकृती हाताने सोडवायला लावते. पानं भरतात. मग ती एक ओळ फळ्यावर लिहिते. छेदात पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, शेवटचा पुन्हा पहिल्याशी जोडलेला; ग्लुऑननी फेर धरल्यासारखा.