सतार आणि डबल बास

आज दिवसभर कॉलिन वॉलकॉट आणि डेव्ह हॉलंड ऐकत होतो. वॉलकॉट हे पंडित रविशंकरांचे अमेरिकन शिष्य, हॉलंड डबल बासवाले (डबल बास म्हणजे उभं धरून वाजवायचं, खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य). 1975 साली दोघे एका अल्बमसाठी एकत्र आले. त्यात जॅझ आहे, सतार आहे, आणि कुणी कुणाची नक्कल करत नाही. मला हेच फार आवडतं.

सतारीला पडदे असतात, तरी मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणं) काढायची तर तार पडद्यावरच आडवी खेचावी लागते. डबल बासला पडदेच नाहीत. बोट तारेवरून सरकवलं की झाली मींड! म्हणून हे वाद्य सतारीला इतकं जवळचं वाटत असावं. अडचण आहे ती वेगळीच. राग एका षड्जाला धरून उलगडतो, जॅझमध्ये कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सतत बदलतात. कॉर्ड बदलली की सतारीच्या तरफेच्या तारा (मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या) बेसूर वाटू लागतात, कारण त्या रागाच्या सुरांना लावलेल्या. मग बासवाला एकच खालचा सूर धरून ठेवतो, आणि सतारीला मोकळं रान मिळतं.

संध्याकाळी हॉलंड यांचं 1977 चं एकट्या बासचं ध्वनिमुद्रण लावलं. सोबतीला तबला नाही, ड्रम नाहीत. तरी लय कुठेही सुटत नाही. तार छेडल्यावर लाकडाचा घुमारा येतो ना, तो हेडफोनवर ऐकाच. आणि गजाने वाजवलेला भाग आला की आवाज अजिबात कमी करू नका.

तुमच्याकडे असं काही असेल तर खाली नक्की सांगा.