रामपत्री येते कुठनं?

उन्हाळ्यात सोलापुरात मधल्या मारुतीला मसाल्याच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, आणि काळ्या मसाल्याच्या यादीत दगडफूल, नाकेसर, बाद्यानच्या मागं कुठंतरी रामपत्री असतेच. एका दुकानदाराला विचारलं ही येते कुठनं, तर म्हणाला, "केरळकडनं येतंय की ओ, किती देऊ?" झालं.

तर रामपत्री म्हणजे रानजायफळाच्या बीवरचं तांबडं जाळीदार आवरण. झाडाचं शास्त्रीय नाव मिरिस्टिका मलबारिका, आणि ते जगात फक्त पश्चिम घाटात आहे. याच्याच भाऊबंदांपैकी मिरिस्टिका मॅग्निफिका तर दलदलच धरून बसतं, बारमाही ओढ्याकाठी, गच्च सावलीत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून मुळं जमिनीतनं वर येतात, गुडघ्यासारखी वाकतात आणि परत चिखलात शिरतात, शिवाय खोडाला टेकू दिल्यासारखी आधारमुळं वेगळीच. वर्षाला जेमतेम साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस बघणाऱ्या आपल्यासारख्याला हे सगळं खोटंच वाटतं.

आता लोचा असाय की बारमाही पाणी असलेली सपाट दरी माणसालापण हवीच असते. भात आणि सुपारीच्या बागांसाठी या दलदली पिढ्यानपिढ्या साफ होत गेल्या, कुठं ओढाच वळवला, आणि आता उरलेत ते तुकडे: केरळात कुळत्तुपुळाकडं, उत्तर कन्नडमध्ये कत्तलेकानला, असे थोडेच. आपल्याकडं चौकाचौकात मावा चोळणाऱ्यांना यातलं काही माहीत असायचं कारण नाही, मलापण नव्हतं, पण सुपारी काय सोलापुरात पिकत नाही ना.

बरं परत लावू म्हटलं तरी सोपं नाही. बी वाळलं की मेलं, ठेवून पेरता येत नाही. जंगलात हे बी लांब नेऊन टाकायचं काम धनेशासारखे पक्षी करतात, पण ते फळ उकलल्यावर त्या तांबड्या आवरणासाठीच येतात, आणि आपल्यालापण नेमकं तेच पाहिजे. पक्ष्याच्या आधी माणूस पोचला, फळं कच्चीच झोडपून नेली, तर खाली रोप उगवणार कशाचं? मसाल्यात चिमूटभर रामपत्री नसली तर कुणाला कळतंय, मला तरी नाही कळणार.

महाराष्ट्रातपण आहे बरं का अशी एक दलदल, दोडामार्ग तालुक्यात बांबर्डेला. देवराईतली, म्हणून टिकली. सरकारनं तिला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलंय, क्षेत्र २.५९ हेक्टर, म्हणजे साडेसहा एकरापेक्षाही कमी. आमच्याकडं एकेकाचा ऊसच त्याहून जास्त असतो.