बेअर शाफ्ट डावीकडे जातोय? पॉइंट बदलायच्या आधी हात तपासा

या पावसाळ्यात नवं काही घ्यायचं नाही, असं ठरवलं होतं. धनुर्विद्येच्या सरावासाठी नवे शाफ्ट (बाणाच्या दांड्या) नाहीत, पॉइंट (बाणाची टोकं) नाहीत, धनुष्याची दोरीही नाही. आहे तोच सेट घ्यायचा आणि दोरी ओढण्या-सोडण्यातली एकेक गोष्ट मुद्दाम बदलून बाण काय करतो ते बघायचं. आपल्या तिरंदाजांत ट्यूनिंगवर, म्हणजे धनुष्य आणि बाण एकमेकांशी जुळवण्यावर, जेवढं बोलणं होतं, त्यातलं बहुतेक ग्रेन (पॉइंटचं वजन) आणि स्पाइनवरच (शाफ्टच्या ताठपणावर) होतं. बेअर शाफ्ट, म्हणजे बिनपिसांचा बाण, पिसांच्या बाणांच्या डावीकडे गेला की ‘स्टिफ (ताठ) आहे, पॉइंट जड लाव’ हा सल्ला तयारच असतो. सल्ला चुकीचा नाही. पण तो बाण प्रत्येक वेळी तेवढ्याच ओढीतून आणि तसाच सुटला होता का, हे आधी कुणी विचारत नाही. माझा हा सगळा खटाटोप त्या एका प्रश्नासाठी.

सेटअप आधी सांगतो, म्हणजे ताडून बघता येईल. ६२ इंची टेकडाउन (सुटे भाग करता येणारं) रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य, २८ इंच ओढल्यावर ४० पौंड. माझा ड्रॉ (ओढीची लांबी) २७ इंच, त्यामुळे बोटांवर साधारण साडेसदतीस पौंड येतात. दोरी डॅक्रॉनची, ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीचं मुठीपासूनचं अंतर) साडेसात इंच. कार्बनचे ६०० स्पाइनचे शाफ्ट, लांबी साडेएकोणतीस इंच, पॉइंट १२५ ग्रेन. दोन शाफ्ट बिनपिसांचे ठेवले आणि पिसांचं वजन भरून निघावं म्हणून त्यांच्या शेपटीला इन्सुलेशन टेप गुंडाळली. वायर गुंडाळायची साधी टेप पुरते. मी उजव्या हाताने ओढतो. डावऱ्यांनी पुढचं सगळं डावं-उजवं उलटं धरावं.

जागा म्हणजे साताऱ्याच्या लिंब गावाजवळ बहिणीच्या सासरचं शेत. बांधाला टेकवून पाचटाच्या गाठी रचल्यात, त्यांच्यापुढे चिंध्या भरलेली पोती. मागे ऊस आहे आणि उसात शिरलेला बाण तोडणीपर्यंत हाती लागत नाही, म्हणून गाठींच्या मागे दुहेरी ताडपत्री सैल टांगलीय. ताणून बांधली तर बाण आरपार जातो, सैल असली की तिच्यातच अडकतो.

स्पाइनच्या आकड्याबद्दल थोडंसं, कारण पुढचं त्यावर उभं आहे. २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर शाफ्ट ठेवून मध्यावर १.९४ पौंड वजन टांगतात. तो इंचाच्या जेवढे हजारावे भाग वाकतो, तो आकडा शाफ्टवर छापलेला असतो. ६०० म्हणजे ०.६ इंच. लाकडी शाफ्टची जुनी पद्धत निराळी, २६ इंच आणि २ पौंड. पण ही दोन्ही मापं शाफ्ट स्वस्थ पडलेला असतानाची. सुटलेला बाण किती वाकेल, ते मागून किती जोराचा धक्का बसला, पुढे किती वजन आहे आणि दोरी बोटांवरून कशी घसरली यावर ठरतं. यातलं पुढचं वजन तेवढं बाणाचं. बाकी दोन्ही आपल्या हातात, अगदी शब्दशः.

म्हणून पहिली चाचणी ओढीच्या लांबीची. पूर्ण ड्रॉला शाफ्टचा जो भाग शेल्फच्या (धनुष्यावर बाण टेकतो त्या जागेच्या) पुढच्या कडेवर येतो, तिथे बहिणीच्या नेलपॉलिशने बारीक पांढरी रेघ काढली. भाचा बाजूला उभा राहून फक्त त्या रेघेकडे बघायचा. ठरवून एक इंच कमी ओढले, तेव्हा १८ मीटरवर पिसांचे बाण थोडे खाली लागले आणि बेअर शाफ्ट त्यांच्या डावीकडे वीतभर गेले. कारण सरळ आहे. एक इंच कमी म्हणजे माझ्या धनुष्यावर अडीच पौंडांच्या आसपास कमी जोर, आणि ढकलण्याचं अंतरही कमी. तोच ६०० चा शाफ्ट मग कमी वाकतो आणि स्टिफ असल्यासारखा वागतो. रेघ जागेवर असताना तेच शाफ्ट ग्रुपच्या (जवळजवळ लागलेल्या पिसांच्या बाणांच्या) डाव्या कडेपासून जेमतेम चार बोटांवर येत होते.

खरी कामाची गोष्ट भाच्यानेच दाखवली. मी ठरवून कमी ओढत नव्हतो, नेहमीसारखं अँकर करून (ओढलेला हात हनुवटीपाशी टेकवून) नेम धरत होतो, तेव्हा तो म्हणाला, ‘‘मामा, रेघ जागेवर येतीय, पण सोडताना पुढं सरकतीय बघा.’’ मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये ते साफ दिसलं. हात हनुवटीपाशी तसाच, अँकर तोच, पण पाठीचा ताण सुटल्यामुळे कोपर पुढे येतं आणि शाफ्ट अर्धा-पाऊण इंच पुढे सरकतो. नेम धरून जितका जास्त वेळ थांबावं तितकं ते वाढतं. ओढणाऱ्याला हे आतून कळतच नाही, म्हणून बाजूला दुसरी नजर किंवा कॅमेरा लागतोच.

साताऱ्यात धनुर्विद्येची हवा आहे, ते आपल्याला सांगायला नको. २०२३ च्या जुलैत पार्थ साळुंखे लिमरिकला रीकर्व्हमध्ये युवा जगज्जेता झाला आणि ऑगस्टमध्ये अदिती स्वामी बर्लिनला १७ व्या वर्षी कंपाउंडची (चाकं लावलेल्या धनुष्याची) जगज्जेती झाली. त्यामुळे इथे ट्यूनिंगचे जे तक्ते आणि सल्ले हातोहात फिरतात, ते बरेचसे ऑलिंपिक रीकर्व्ह आणि कंपाउंडचे असतात. रीकर्व्हला क्लिकर असतो, पॉइंट त्याखालून निसटून ‘टिक’ वाजल्यावरच दोरी सोडायची. कंपाउंडला ओढ एका जागी येऊन अडते, आणि बोटांऐवजी यांत्रिक रिलीज असतो. म्हणजे त्यांची ओढीची लांबी उपकरणच पक्की करतं. आपल्या साध्या, बोटांनी सोडायच्या धनुष्यावर यातलं काहीच नाही. त्यांचा ‘डावीकडे म्हणजे स्टिफ’ हा नियम आपल्यालाही लागू आहे, पण ओढ दरवेळी सारखी आहे हे आधी आपण स्वतः सिद्ध करायचं.

दुसरी चाचणी सोडणाऱ्या हाताची. नीट सुटलेल्या बाणात दोरी बोटांच्या टोकांवरून घसरते आणि हात गालाला घासत मागे कानाकडे जातो. मी मुद्दाम हात गालापासून बाहेर झटकून बघितला. दोरी उजवीकडे ओढली जाते, बाणाची शेपूट उजवीकडे, टोक डावीकडे. बेअर शाफ्ट पुन्हा डावीकडे! म्हणजे ओढ कमी पडली तरी डावीकडे, हात झटकला तरी डावीकडे आणि बाण खरोखर स्टिफ असला तरी डावीकडेच. तिन्हींचं उत्तर एक आणि उपाय तीन वेगळे.

फरक ओळखायची खूण मला एकच भरवशाची वाटते: दोन्ही बेअर शाफ्ट एकमेकांजवळ लागतात का? झटकलेल्या बाणांचे शाफ्ट विखरून पडतात, एक वीतभर डावीकडे, दुसरा ग्रुपमध्येच. ओढ सरकत असेल तर सुरुवातीला ठीक असतात आणि दमायला लागलं की हळूहळू डावीकडे आणि खाली जातात. बाणच स्टिफ असेल तर ताज्या हाताने आणि दमल्या हाताने, दोन्ही वेळा ते एकाच जागी शेजारी शेजारी लागतात. असे शेजारी लागेपर्यंत पानाही उचलू नये आणि पॉइंटही बदलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रिपबद्दल थोडक्यात. मूठ आवळली की धनुष्य वळतं आणि ग्रुपच पसरतो, त्यामुळे त्यातून ट्यूनिंगचं काही वाचायलाच जाऊ नये. तळव्याच्या टाचेने दाब दिला तर बाण वर लागतात. वर-खालीच्या नोंदी घेताना तो दाब दरवेळी एकाच जागी हवा. आणि नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण बसवायची जागा) खाली असेल तर बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि नॉक (बाणाच्या शेपटीची खाच) उंच असल्यासारखा दिसतो. ही फसगत फार जणांची होते. म्हणून मी नॉकिंग पॉइंट आधी उंच बांधतो आणि थोडा थोडा खाली आणतो.

आता पावसाचं. पिसं भिजली की शाफ्टला चिकटून बसतात आणि बाण जवळजवळ बेअर शाफ्ट होतो. उन्हाळ्यात पाच इंची पिसं जे झाकून घेतात, ते श्रावणातल्या भुरभुरीत उघडं पडतं. बरेच जण म्हणतात पावसात सराव वाया जातो. मला उलट अनुभव आला. बारीक पाऊस सुरू असताना पिसांचे बाण जेव्हा डावीकडे भरकटायचे, तेव्हा दर वेळी भाच्याची हाक यायची, ‘‘सरकली रेघ!’’ कोरड्या पिसांनी तेच बाण मध्यावर आणले असते आणि आम्हाला काही कळलंही नसतं. अट एवढीच, की घरी गेल्यावर पिसं फडक्याने न पुसता पंख्याखाली वाळवायची. पुसली की मोडतात.

लाकडी किंवा बांबूचे शाफ्ट असतील तर मात्र ही मुभा नाही. ते हवेतला ओलावा घेतात, वजन वाढतं आणि वाकलेले सरळही करावे लागतात. इंडियन राउंडवाल्यांनी, म्हणजे लाकूड-बांबूच्या धनुष्यबाणांवर खेळणाऱ्यांनी, अशा चाचण्या दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत घ्याव्यात.

आता कुठवर आलोय ते. नेम धरून थांबणं कमी केलं, अँकरला टेकल्यावरही कोपर मागे जात राहील एवढ्याकडेच लक्ष दिलं, आणि रेघ बहुतेक बाणांना जागेवर राहायला लागली. त्यानंतरही दोन्ही बेअर शाफ्ट ग्रुपच्या डावीकडे चार बोटांवर, पण एकमेकांना चिकटून. दमल्यावरही तिथेच. आता हे बाणाचंच म्हणणं, म्हणून पहिल्यांदा धनुष्याला हात लावला. शेल्फच्या बाजूच्या चामड्याखाली फेल्टची पट्टी होती, ती काढली. बाण मध्याकडे सरकला आणि अंतर निम्मं झालं. उरलेल्यासाठी १४५ ग्रेनचे पॉइंट बसवले. १८ मीटरवर बेअर शाफ्ट आता पिसांच्या बाणांमध्येच लागतात. याच सेटवर २५ मीटर सुरू केलंय. तिथे शाफ्ट किंचित उजवीकडे दिसतात, पण अजून विखुरलेले आहेत, म्हणून त्यांचं सध्या काही ऐकत नाही. ते जवळ येईपर्यंत पॉइंट हेच राहतील.