बारा क्विंटल पाच किलो

आमच्या वजनकाट्याच्या खोलीत पंख्याच्या बटणाखाली एक खिळा आहे. त्याला सुतळीने एक प्लास्टिकची फाइल टांगलेली आहे. आत कापूस खरेदीच्या सॉफ्टवेअरचं मॅन्युअल. कंपनीने दिलं तेव्हा ते ६४ पानांचं होतं आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात 'वापरकर्ता मार्गदर्शिका' लिहिलेलं होतं. आता ते १९ पानांचं आहे आणि वरच्या पानाला चहाचा डाग आहे. डाग पडला तेव्हा मला बरंच वाटलं. ६४ पानांवर कधी डाग पडला नव्हता, कारण ते कोणी उघडतच नव्हतं.

मी हिंगणघाटपासून पंचवीसेक किलोमीटरवर राहते आणि गावाजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ऑपरेटर आहे. बी.ए. मराठी घेऊन केलं, नंतर एमएस-सीआयटी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे बंड्या, ट्रॅक्टर, पिकअपची रांग लागली की सकाळी सातला काटा सुरू होतो आणि रात्री कधी संपेल ते सांगता येत नाही. माझ्यासोबत एक पोरगा असतो, दरवर्षी नवा. जुना पुण्याला निघून जातो.

मॅन्युअलच्या मागे मी लागले ती उंदरांमुळे. २०२४-२५च्या हंगामात काट्यावरून कॉम्प्युटरकडे जाणारी केबल उंदरांनी कुरतडली. एरवी काट्याचा आकडा आपोआप पडद्यावर येतो. त्या दिवशी हाताने टाकावा लागला. एक पिकअप आली, भरलेली २,८९० किलो, रिकामी १,६८५. पोराने कागदावर वजाबाकी केली, १,२०५. मला मोठ्याने सांगितलंसुद्धा, "ताई, बारा क्विंटल पाच किलो." आणि टाकलं १२.५.

माझंही लक्ष नव्हतं. बारा पॉइंट पाच म्हणजे बारा क्विंटल पन्नास किलो. पंचेचाळीस किलो कापूस नुसता एका टिंबामुळे वाढला. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, त्या हिशेबाने ३,३८४ रुपये झाले. संध्याकाळी माल जुळेना तेव्हा कळलं. मी कास्तकाराला फोन लावला. काकाजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कमी लिवलं असतं त फोन केला असता काय व तुमी?"

मी गप्प. (पैसे त्यांनी पुढच्या वेच्याच्या वेळी वळते करू दिले, पण बोलले ते बोललेच.)

रात्री मी फाइल उघडली. हाताने वजन टाकण्याबद्दल त्यात काही आहे की नाही ते बघायचं होतं. होतं. पान ४१: 'वजन क्विंटल या एककात दशांश पद्धतीने प्रविष्ट करण्यात यावे.' वाक्यात चूक काढायला जागा नाही. पण ज्याला दशांश पद्धत पक्की येते त्याला हे वाक्य लागत नाही, आणि ज्याला लागतं त्याच्या हाती त्यातून काही येत नाही. मी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली आणि लिहिलं:

'बारा क्विंटल पाच किलो असेल तर १२.०५ टाका. १२.५ टाकलं तर बारा क्विंटल पन्नास किलो होतं. पॉइंटनंतर नेहमी दोन आकडे.'

ही पहिली पट्टी. मग नादच लागला.

सगळ्यात जास्त त्रास कठीण शब्दांचा असेल असं मला वाटत होतं. प्रविष्ट, सदर, प्रणाली, अधिप्रमाणन वगैरे. ते काढायला दोन संध्याकाळी पुरल्या. खरा घोळ वाक्याच्या रचनेत निघाला. हे बघा, जसंच्या तसं देते: '"वजन स्थिर करा" हे बटण दाबा जेव्हा काट्यावरील आकडा स्थिर झालेला असेल आणि वाहनामध्ये कोणीही व्यक्ती उपस्थित नसल्याची खात्री केल्यानंतर.' वाचणाऱ्याचं बोट 'दाबा'वरच खाली गेलेलं असतं. पुढची अट तो दाबून झाल्यावर वाचतो. दूध वर आलं की गॅस बंद कर, असं आपण म्हणतो. 'गॅस बंद कर जेव्हा दूध वर आलेलं असेल' असं कोणाची माय म्हणते? मराठीत आधी अट येते, मग काम. आणि काट्यावर हातसुद्धा त्याच क्रमाने चालतात.

त्यातही 'कोणीही व्यक्ती उपस्थित' हे काय प्रकरण आहे ते त्या वाक्यातून कळतच नाही. भरलेली गाडी तोलताना ड्रायव्हर आत बसून राहिला आणि रिकामी तोलताना बिडी प्यायला खाली उतरला, तर सत्तर किलोचा माणूस कापसाच्या भावात विकला जातो. उलटं झालं तर कास्तकाराचा सत्तर किलो कापूस फुकट जातो. हे सगळ्या जुन्या हमालांना माहीत आहे. ते पोराला पहिल्याच दिवशी सांगतात आणि हसतात. मॅन्युअलने सांगितलं नाही. मी लिहिलं: 'ड्रायव्हर खाली उतरला का बघा, दोन्ही वेळी. आकडा हलायचा थांबू द्या. मग "वजन स्थिर करा" दाबा.'

बटणाचं नाव मी बदललं नाही हे लक्षात आलं असेल. वजन आपण कुठे स्थिर करतो, ते आपोआप होतं, आपण नुसतं पक्कं करतो. पण पडद्यावर जे दिसतं तेच कागदावर पाहिजे, नाहीतर पोरगा 'वजन पक्कं करा' हे बटण शोधत बसतो आणि मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवतो. वाईट शब्द तसाच ठेवायचा आणि शेजारी चांगल्या शब्दात सांगायचं, एवढंच हातात होतं.

यात सगळ्यात वैताग दिला तो एका खिडकीने. चुकीची पावती खोडायला गेलं की पडद्यावर विचारतात, 'पावती रद्द करायची आहे का?' खाली दोन बटणं. एक 'ठीक आहे', दुसरं 'रद्द करा'. तुम्ही कोणतं दाबाल? आमच्याकडे आजवर चार पोरं आली, चौघांनी 'रद्द करा' दाबलं. खिडकी बंद होते, पावती तशीच राहते. पोराला वाटतं खोडली. तो नवीन पावती करतो आणि एका गाडीच्या दोन पावत्या होतात. मॅन्युअल इथे म्हणतं, 'आवश्यकतेनुसार योग्य पर्याय निवडावा.'

कंपनीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. तिकडचा मुलगा चांगला होता बिचारा. म्हणाला, मॅडम, ते बटण सगळ्या खिडक्यांसाठी एकच आहे, एकदाच भाषांतर केलेलं. भाषांतर करणाऱ्याकडे नुसती शब्दांची यादी जाते, कोणता शब्द कुठल्या खिडकीत बसणार ते त्याला दिसत नाही. इंग्रजी कॅन्सलचं त्याने 'रद्द करा' केलं, त्याचं काय चुकलं? हे ऐकल्यावर माझा त्या न पाहिलेल्या भाषांतरकारावरचा राग निम्मा गेला. उरलेला निम्मा अजून आहे, कारण 'योग्य पर्याय निवडावा' लिहिणाऱ्याला तरी पडदा दिसत असेलच ना.

आता त्या पानावर आहे: 'पावती खोडायची असेल तर "ठीक आहे" दाबा. "रद्द करा" दाबलं तर पावती तशीच राहते. उलटं वाटतं, पण तसंच आहे.' शेवटचं वाक्य मालकाला आवडलं नाही. मॅन्युअलमध्ये असं लिहितात का, म्हणाले. मी ठेवलं. ते वाक्य नसलं की पोरांना वाटतं छापण्यात चूक झाली, आणि ती 'रद्द करा'च दाबतात.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण अंगात आलं होतं. सगळीकडे आपले शब्द घातले. शेतकऱ्याचं कास्तकार केलं, शेताचं वावर, आणि वाहनाच्या प्रकारात बैलगाडीची बंडी. मदतीच्या नंबरवरच्या त्या मुलाने माझी पानं मागून घेतली आणि परस्पर जळगावकडच्या एका जिनिंगला पाठवली. तिथल्या ऑपरेटरचा फोन आला. हसू आवरत विचारत होत्या, "ताई, आमच्याकडं बंडी अंगात घालतात. तिच्यातून कापूस किती येतो?" बैलगाडी परत आली. कास्तकारही गेला, वाईट वाटलं.

धड्याचंही तसंच. रिकाम्या गाडीच्या वजनाला मॅन्युअलमध्ये 'टेअर' होतं. आमच्या हमालांतले सगळ्यात म्हातारे दादाजी अजून म्हणतात, "धडा केला काय?" तराजूत भांडं ठेवून दुसऱ्या पारड्यात तेवढेच दगड टाकायचे, तो धडा. किती नेमका शब्द! मी आनंदाने लिहिला. नव्या पोराने वाचला आणि पान उलटून विचारलं, "धडा पहिला कोठी आहे?" तो शाळेतला धडा शोधत होता. आता तिथे सरळ 'रिकाम्या गाडीचं वजन' आहे. तीन शब्द लागतात, लागोत.

एका ठिकाणी मात्र शब्द जुना असूनच फसवत होता. अहवालात 'खंडी' आहे. घरी मामाजींना विचारलं तर त्यांची खंडी वीस मणांची, धान्याची. जिनिंगच्या व्यापारात खंडी म्हणजे साधारण ३५६ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), आणि गाठ १७० किलोची. पोरगा हिशेब करायचा आणि कशाचाच मेळ बसायचा नाही. तिथे एक ओळ वाढवली: 'ही खंडी रुईची, ३५६ किलो. धान्याची नाही.'

बाकी पानं कमी कशी झाली त्याची काही गंमत नाही. कंपनीची ओळख, संचालकांचं मनोगत, आमच्याकडे नसलेल्या मशीनची माहिती आणि जुन्या फॉन्टात टाइप केलेली सात पानं, जी आमच्या कॉम्प्युटरवर नुसती इंग्रजी अक्षरं आणि कंस होऊन उघडायची. सगळी काढली.

प्रत्येक पान तपासायची माझी रीत एकच होती. पोराला खुर्चीवर बसवायचं, पान हातात द्यायचं आणि मी दाराशी उभं राहायचं, तोंड बंद ठेवून. ते तोंड बंद ठेवणं फार जड गेलं. तो अडला की सांगावंसं वाटतं. पण सांगितलं की पान सुटतं आणि पुढच्या वर्षीचा पोरगा तिथेच अडतो. तो कपाळ खाजवायला लागला की मी पेनाने त्या ओळीवर फुली मारायची. प्रिंटरची रिबन बदलायच्या पानावर एकदा सहा फुल्या पडल्या होत्या.

या आठवड्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. 'रद्द करा' होतं तिथेच आहे. पण 'वजन स्थिर करा' उजवीकडून डावीकडे गेलं, आणि मी पान ७ वर मोठ्या विश्वासाने 'उजवीकडचं हिरवं बटण' लिहून ठेवलं होतं. हिरवंही राहिलं नाही, निळं झालं. काल काटा बंद झाल्यावर ती ओळ खोडली आणि नुसतं बटणाचं नाव लिहिलं. पोराला बसवलं. तो वाचत होता, मी दाराशी उभी होते, आणि बाहेर अजून तीन बंड्या होत्या.